डब्यातला विसावा हिस्सा

"आक्का, आज सगळा डबा लाव," संपत म्हणाला. "फायनल हाय, आणि आपल्याच पेठेच्या टीमची."

मैदानाच्या गॅलरीत बसलेल्या आक्कानं मांडीवरचा पत्र्याचा डबा घट्ट धरला. फुटबॉलच्या पैजांसाठी बहीणभावांनी मिळून ठेवलेला. घरातला पैसा त्यात घालायचा नाही आणि एका मॅचवर विसाव्या हिश्शाहून जास्त लावायचं नाही, हा तिचा नियम. तेवढंच काढून तिनं पैज घेणाऱ्याच्या हातावर ठेवलं.

"पेठेवर एवढाच भरवसा व्हय?" तो हसला. मागच्या पायरीवरची माणसंही हसली.

पेठ चार गोलनं जिंकली. गुलाल उधळला, हलगी कडाडली. संपत तेवढा खाली बसून राहिला. "डबा लावला असतास तर आज दारात बुलेट आली असती. चुकलीस तू."

आक्का बोलायला गेली, तर घशातून नुसती हवा आली. पहिल्या मिनिटापासून ती पेठेचं नाव घेत सगळ्या गॅलरीपेक्षा मोठ्यानं ओरडत होती. तिनं भावाला कॉलर धरून जवळ ओढलं.

"चुकले न्हाई," ती कुजबुजली. "पेठेवर आवाज अख्खा लावला. डब्यातला मातर पुढच्या फायनललाबी विसावाच हिस्सा."