मोकळी जागा

त्या संध्याकाळीही बाबांनी फोनवर विचारलं, "पोचलीस का गं खोलीवर?"

"केव्हाच," ती म्हणाली.

खरं तर कर्ज फिटेपर्यंत भाडं वाचवायला ती व्हॅनमध्येच राहायची, तेही बाबांच्याच घरामागच्या गल्लीत. गाड्यांनी ठासून भरलेल्या त्या गल्लीत नशिबाने एक जागा रोज मोकळी सापडायची.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले. त्यांच्या रिकाम्या घरात जीव थाऱ्यावर राहीना, म्हणून ती पुन्हा व्हॅनमध्ये झोपायला निघाली, तर चार चकरा मारूनही जागा मिळेना.

"मिळेल कशी?" शेजारच्या काकू म्हणाल्या. "तुझे बाबा तिथे खुर्ची टाकून बसायचे. वळणावर तुझी व्हॅन दिसली, की खुर्ची उचलून पळायचे."

 

बाबांच्या बंद खिडकीकडे बघत ती म्हणाली, "बाबा, खोली वगैरे काही नाही. मी इथेच असते."