ताट धुतलेलं पाणी

सकाळपासून सिंकमधलं पाणी उतरत नव्हतं. सोडा टाकला, उकळतं पाणी ओतलं, तरी तेच. सासूबाई मागं उभ्या होत्या. "खरं सांग, मंजुषा, खरकटं तूच टाकतीस ना? अन्न प्रसाद असतंय." त्या ताटात कण ठेवत नाहीत, जेवल्यावर ताट धुऊन तेच पाणी पितात. माझा संशय भांडेवालीवर होता. मी पाइपाची खालची वाटी फिरवायला बसले, तशा त्या म्हणाल्या, "राहू दे, उतरंल आपोआप." मी वाटी काढलीच. भसकन पाणी आलं, मागून पांढरे गोळे पडले. ज्वारीची भाकरी, चावून थुंकलेली. घरात भाकरी त्या एकट्याच खातात. मी वळले. त्यांच्या दंडावर ब्लाउज किती ढिला झालाय, ते आत्ता दिसलं. "आत्या, घास कधीपासून उतरत नाही?" "दिवाळीपासून," त्या म्हणाल्या. "ताटात ठेवलं असतं तर तुमाला कळलं असतं."