न अडखळलेला हात

"थांबव!" लीलाताई एवढ्या जोरात ओरडल्या की हेमेंद्रच्या हातातला रिमोट पडता पडता राहिला.

टीव्हीवर बाई जळत होती. म्हणजे जळण्याचा अभिनय करत होती. गॉटफ्रीड लेंत्स या जर्मन दिग्दर्शकाचा हा शेवटचा मूकपट, सत्तावीस साली इथे ग्वाल्हेरात काढलेला. त्याचे बाकीचे दहा सिनेमे कुठे गेले ते देवालाच ठाऊक. हा एक बर्लिनच्या कुठल्याशा तळघरात सापडला आणि कालच हेमेंद्रच्या कॉम्प्युटरवर येऊन पडला. या माणसापायी हेमेंद्रने नऊ वर्षं घातली होती. खाटकाचा पोरगा, लढाईत दोन बोटं गमावलेला, इथे येऊन आगीचा असा शॉट घेऊन गेला की समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली. परत जाऊन मात्र त्याने एकही सिनेमा काढला नाही. थेटरच्या दारात तिकिटं फाडत मेला बिचारा. बोलपट आले आणि लेंत्स संपला, असं हेमेंद्रने पुस्तकात लिहिलं होतं.

ते पुस्तक तयार होतं. पाच वाजेपर्यंत छापखान्याला "छापा" एवढंच कळवायचं होतं. साडेचार झाले होते. पुढच्या महिन्यात बर्लिनला सिनेमा दाखवणार, आणि आधी भाषण कुणाचं? ग्वाल्हेरच्या दाना ओली गल्लीतल्या हेमेंद्रचं! त्याआधी घरच्यांनी बघावा म्हणून त्याने दुपारी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं होतं, कारण हा सिनेमा घरचाच होता. कॅमेरा चालवला होता त्याच्या पणजोबांनी, उमाजींनी.

तेव्हा कॅमेऱ्याला मूठ असायची, ती हाताने फिरवायची. सेकंदाला दोन फेरे, कमी नाही, जास्त नाही. हात अडखळला की शॉट गेला. उमाजी इथल्याच मुरार छावणीच्या पलटणीत ढोल वाजवायचे. लेंत्सने त्यांना त्या तालासाठीच उचललं, आणि आगीच्या शॉटनंतर पितळी बिल्ला दिला. तो बिल्ला अजून बैठकीत टांगलेला आहे. "समोर आग लागली तरी गड्याचा हात अडखळला नाही!" ही गोष्ट ऐकतच या घरातलं प्रत्येक पोर मोठं झालं. त्यानंतर उमाजींनी ना कॅमेऱ्याला हात लावला, ना ढोलाला. असा हात पुन्हा साध्या कामाला लावायचा नसतो, असं घरचे म्हणायचे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर हेमेंद्रने छापायला दिलं होतं, 'ज्यांचा हात अडखळला नाही, त्या पणजोबांना.'

उमाजींच्या बायकोचं मात्र घरात काहीच नव्हतं. फोटो नाही, दागिना नाही. एकुलता एक मुलगा दीड वर्षाचा असताना तापाने गेली, एवढंच माहीत. तो मुलगा म्हणजे शिवाजीराव, लीलाताईंचे वडील आणि हेमेंद्रचे आजोबा. "आईचा चेहरा कसा होता कोण जाणे," म्हणत म्हातारे गेले.

"मागे घे. पुन्हा लाव," लीलाताई म्हणाल्या.

ही हेमेंद्रची आत्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. नवव्या वर्षी तापात कान गेले, तेव्हापासून समोरच्याचे ओठ बघून सगळं कळतं. घरात तिच्यापासून काही लपवायचं तर तोंड फिरवून बोलावं लागतं. आता ती उठून थेट टीव्हीला नाक लावून उभी राहिली.

"आत्याआजी, हटो ना, काही दिसत नाहीये!" हेमेंद्रची मुलगी उन्नती ओरडली. पण पाठ फिरवलेल्या लीलाताईंना ते कळणार कसं?

हेमेंद्रने शॉट मागे नेला. ज्वाळा. बाजूला राजाच्या वेशातला नट. बाईचा पदर. बाई सरळ कॅमेऱ्याकडे बघून ओठ हलवत होती.

"पेटलाय तिचा पदर," लीलाताई म्हणाल्या. "खरा पेटलाय. 'थांबवा' म्हणतेय."

हेमेंद्र आत्याच्या समोर जाऊन उभा राहिला. "आत्या, तो डायलॉग आहे. लेंत्सने स्वतः लिहून ठेवलंय. बाजारातून आणलेली नाटकवाली होती, शॉट संपल्यावर हसली आणि सरबत मागितलं."

"मराठीत डायलॉग? तुझ्या त्या गोऱ्याला मराठी येत होतं?"

"अगं, मूकपटात आवाज थोडाच भरायचा होता! ज्याला जे येईल ते बोलायचं." बोलताना त्याचाच आवाज फाटला. घड्याळात पाचला दहा कमी होते. नऊ वर्षं पाण्यात जाऊ द्यायची, ती एका बहिऱ्या म्हातारीच्या म्हणण्यावर? छे! त्याने मोबाईल काढला, 'छापा' असं टाइप केलं. "आत्या, नीट बघ. लेंत्सलाच म्हणत असेल. सिनेमातल्या राजाला म्हणत असेल."

त्याने शॉट तिसऱ्यांदा लावला, या वेळी अगदी सावकाश. बाईची नजर ना राजाकडे होती, ना दिग्दर्शकाकडे. मूठ फिरवणाऱ्याकडे होती. चित्र शेवटपर्यंत एका तालात चाललं, कुठे हिसका नाही, कुठे अडखळ नाही.

लीलाताईंनी काचेवरच्या त्या चेहऱ्याला हात लावला. त्या रडत होत्या.

"डायलॉगमध्ये माझ्या बाबांचं नाव कशाला येईल रे?" त्या म्हणाल्या. "'शिवाचे बाबा, हात थांबवा,' म्हणतेय ती."