नुसतं गवत

पाचवा मेंढा सकाळी मेला. धरमसिंगने तो पुरला नाही. पोत्यावर ठेवून ओढत नेला आणि पुतण्याच्या डुक्करफार्मच्या फाटकासमोर टाकला.

फार्म तांड्याच्या टोकाला होता. सिमेंटच्या खोल्यांत चाळीस पांढरी डुकरं. पुतण्या जीवन त्यांच्या खाण्यात तराजूवर मोजून पावडर मिसळायचा. लोह, जस्त, तांबं. सिमेंटवर वाढणाऱ्या डुकराला माती उकरायला मिळत नाही, मातीतून मिळायचं ते पोत्यातून द्यावं लागतं, असं तो सांगायचा. धरमसिंगला ते ऐकूनच संताप यायचा. अंगणवाडीतल्या लेकरांना पाण्यासारखी खिचडी, आणि डुकरांना मोजून ताकद.

त्याचे स्वतःचे नऊ मेंढे होते, आखाडीच्या बाजारासाठी पोसलेले. होळीनंतर त्यांच्या अंगावर असं तेज चढलं की बोरी अरबचा व्यापारी दोनदा येऊन पाहून गेला. मग एकेक मान टाकू लागला. डोळे पिवळे, लघवी लाल, दोन दिवसांत संपला. आता चार उरले. त्यातला भुऱ्या त्याच्या मांडीला टक्कर दिल्याशिवाय चाऱ्याला तोंड लावत नसे.

पहिला मेंढा गेला त्याच दिवशी त्याने जीवनशी बोलणं टाकलं. डुकरांच्या घाणीनेच हा रोग आला, याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याची बायको धुरपताबाई रोज सकाळी जीवनच्या घरी ताकाला जायची. आई वारल्यावर जीवनला तिनेच वाढवलं होतं. धरमसिंगने तिचं जाणंही बंद केलं. मेंढे मरू लागल्यापासून तिला धड जेवण जात नव्हतं.

दुपारी नायक देवसिंगच्या ओट्यावर तांडा जमला. धरमसिंगचं एकच मागणं होतं, फार्म उठला पाहिजे. जीवनही तापला होता. घाण खड्ड्यात जाते, पावडर कुलपात असते, माझ्या फाटकाबाहेर काडी जात नाही, असं तो सर्वांना ठणकावून सांगत होता.

तेवढ्यात दारव्ह्याहून गुरांचे डॉक्टर आले. तिसऱ्या मेंढ्याचं यकृत तपासायला पाठवलं होतं, त्याचा कागद त्यांच्या हातात होता. रोग नाही, ते म्हणाले. यकृतात तांबं साचलं आहे. डुकराला जेवढं मानवतं तेवढं मेंढ्याला मानवत नाही. ते थोडं थोडं साचत जातं आणि एक दिवस मारतं. एवढं तांबं त्यांच्या पोटात जाईल अशी या तांड्यात एकच वस्तू आहे. डुकरांची पावडर.

धरमसिंग उठून उभा राहिला.

"आयकलं ना साऱ्यायनं? जहर चारलं यानं."

जीवन डॉक्टरांच्या हातातल्या कागदाकडे पाहत होता. मग त्याने हळूच विचारलं, "काकी नाही आली?"

"कायले? बाईमानसाचं काय काम अठी?"

जीवनने काकाच्या घराच्या दिशेने एकदा पाहिलं.

"चूक माह्यी हाय," तो शेवटी म्हणाला. "पोतं उघडं राह्यलं. मेंढे आले असतीन."

"आत्ता तर कुलपात होतं म्हनत होता," नायक म्हणाला.

"राह्यलं उघडं."

नायकाने निकाल दिला. आठ दिवसांत डुकरं मिळेल त्या भावात विकायची, फार्म बंद. जीवनने मान हलवली. भांडला नाही, मुदतही मागितली नाही. माणसं उठू लागली तसा तो धरमसिंगजवळ आला.

"काका, उरलेल्या मेंढ्यायले नुसतं गवत द्या. दुसरं काहीच नका देऊ. काकीले सांगा. आताच जाऊन सांगा."

"मेंढे कसे पोसाचे थे तू शिकवशीन मले?"

माणसं हसली. धरमसिंग घरी गेला नाही. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसला आणि येईल त्याला सगळी हकिगत सांगत राहिला. तीनदा सांगून झाली तेव्हा उन्हं कलली होती.

घरी आला तर धुरपताबाई मेंढ्यांच्या कुडाशी बसलेली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. भुऱ्या रिकामं टोपलं चाटत होता.

"रागावू नका," ती म्हणाली. "होळीले जीवननं मले डुकराची पावडर देली होती. काकी, तुह्या मेंढ्यायलेबी घाल म्हने. रोज चिमूट चिमूट घातली, म्हून तर असे चमकले. पहिला गेला अन् तुमी जानं बंद केलं, पावडर सरली, तवापासून एकामागं एक मराले लागले बिचारे. आज तुमी सारे नायकाच्या ओट्यावर होते, म्हून जीवनच्या बायकोकडून, रंजिताकडून डबा भरून आनला. दोन दोन मुठी घातल्या एकेकाले. आता एकबी मरत नाही, पाहा."