मायच्या वाट्याचा शब्द

मॅट्रिकच्या वर्षी रुखमिणीने दिसायला सारख्या पण अर्थाने वेगळ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या धान कांडता कांडताच पाठ केल्या. तिचं मुसळ उखळात पडलं की ती म्हणायची, "अफेक्ट." मायचं पडलं की अक्षरओळख नसलेली माय म्हणायची, "इफेक्ट."

"माय, अर्थ सांगू का?"

"मले कायले? तुले ठाऊक राहिला म्हंजे झालं. तू मंधात थांबू नको, माजा घाव चुकते."

रुखमिणी पास झाली, सानगडीच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागली. माय जाऊनही आता दोन पावसाळे झाले.

वर्गात जोडी शिकवताना ती पहिला शब्द म्हणते आणि थांबते. पोरांना वाटतं, बाई आपल्यालाच विचारून राहिल्या. ती मात्र दुसरं मुसळ पडायची वाट पाहत असते.