ठराव मंजूर

"चावी दे!" संदेशने पहारेकऱ्याला कॉलर धरून भिंतीवर आपटलं.

"माझ्याकडं नाय रे चावी. देवाशप्पथ!" भिकाजीच्या ओठातून रक्त आलं. संगमेश्वरकडचा हा पन्नाशीचा माणूस चाळीस दिवस मिरकरवाड्यातल्या जाळ्यांच्या गोदामाबाहेर खुर्ची टाकून बसला होता. आत तापाचे अकरा रोगी, त्यातच संदेशची आई, सगुणा.

राज्यपालांनी आरोग्य आणीबाणी लावली नि बंदर बंद झालं. श्वासातून लागणाऱ्या त्या तापाने वाडीतली पाच माणसं गेली. पण संदेशला ते काही पटेना. "ताप कसला, लोकांना कोंडून घालायची हौस!" तो म्हणायचा. आई फोनवर रोज एकच सांगायची, "मी बरी हाय. तू येव नको." कोणीतरी शेजारी उभं राहून तिला हे बोलायला लावतंय, याची त्याला खात्रीच होती. आईवाचून त्याला घास गिळवत नव्हता.

मग कळलं, राज्यपालांची आणीबाणी विधानसभेला साध्या ठरावाने उठवता येते. झालं! संदेश शंभर माणसं घेऊन आमदाराच्या दारात गेला. काचा फुटल्या, गाडी उलटली, आमदाराच्या भावाचा हात मोडला. शेवटी आमदार गयावया करत म्हणाला, "देतो बाबा मत, देतो!"

आज भर दुपारी ठराव मंजूर झाला. मोबाईलवर बघता बघता धक्क्यावर एकच आरोळी उठली, नि तीस जण पहारी घेऊन गोदामाकडे धावले.

"आणीबाणी संपली, मेल्या! आता कुठल्या कायद्याने कोंडतोस?"

"मी कोणालाच कोंडलं नाय," भिकाजी म्हणाला. "ऐक माझं. तुझ्या आयनं मला..."

आईचं नाव त्याच्या तोंडून ऐकलं नि संदेशच्या डोक्यात सणक गेली. त्याने वल्हं उचललं आणि घातलं. पहिल्या घावाला भिकाजी गुडघ्यावर आला. दुसऱ्या घावाला आडवा झाला. तिसरा घातला तेव्हा तो हललाही नाही. संदेशने त्याचे सगळे खिसे उलटे केले. विडीचं बंडल निघालं, चावी नाही.

"लपवली रांडेच्याने! फोडा दार!"

आतून पत्र्यावर धडाधड थापा पडू लागल्या. सगुणा घसा फोडून ओरडत होती, पण पहारींच्या आवाजात शब्द लागत नव्हते. संदेशचे डोळे भरून आले.

"आये, आलो गं! आलो!"

बिजागऱ्या तुटल्या. पत्र्याचं दार आत कोसळलं नि तो त्याच्यावरूनच धावत सुटला.

अकराही जण मागच्या भिंतीला चिकटून उभे होते. सगुणा पदराने तोंड दाबून दुसऱ्या हाताने त्याला मागे हो, मागे हो म्हणत होती. चौकटीच्या आतल्या बाजूला उपटून लोंबणाऱ्या कडीला भलंमोठं कुलूप होतं, आणि चावी सगुणाच्या कमरेला.