रोह्याच्या डॉक्टरांची सही

पेणच्या खाडीकाठी मिठागरात वाढलेल्या सुरभीला ट्रकनं उडवलं, त्याला सव्वा वर्ष झालं होतं. मांडीत सळई होती, चार बरगड्या कशाबशा जुळल्या होत्या. तरी तिनं सत्त्याण्णव सालच्या मुंबईच्या ट्रायथलॉनचा फॉर्म आणला: आधी पोहायचं, मग सायकल, शेवटी पळायचं. भरतीला ती खाडीत पोहत होती आणि बांधावरून लंगडत का होईना, पळत होती. आता फॉर्मवर फक्त डॉक्टरांची सही हवी होती, म्हणून ती रोह्याला, तिचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे आली.

डॉक्टरांनी एक्स-रे बघून फॉर्म बाजूला सारला. “तू चालतेस हेच खूप आहे. चाळीस किलोमीटर सायकल या पायानं होणार नाही.”

“पेण ते रोहा तेवढंच हाय. सायकल खाली लावलीय.”

डॉक्टरांनी खिडकीतून वाकून पाहिलं. धुळीनं माखलेली सायकल भिंतीला टेकून उभी होती. ते परत आले आणि त्यांनी तिच्या मांडीवर, सळईच्या जागी, अंगठा दाबला. सुरभीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं पाय मागे घेतला नाही.

“दुखतंय ना?”

“व्हय.”

“मग हा हट्ट कशाला?”

“सहा महिने खाटेवर पडून होते, तेव्हाबी दुखतच होतं, डॉक्टर. त्याला कुणाची सही लागली नाय.”

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला.